बोअरचं केसिंग किती फूट टाकायचं? दर नाही, खालचा खडक बघून ठरवा

उन्हाळा लागला की माण, खटाव, फलटण, कोरेगावकडं बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. पाणी लागलं का, किती इंच लागलं, पारावर एवढीच चर्चा. पण चांगलं पाणी लागलेला बोअर दोन-तीन वर्षांत आतून ढासळला आणि मोटारीसकट गेला, हे सांगताना माणूस आवाज बारीक करतो. मी पण केला होता.

माझा बोअर २८० फुटांचा. वर मुरूम होता म्हणून ४० फूट केसिंग टाकलं. १६५ फुटांच्या आसपास करड्या धुरळ्याऐवजी तांबडा चिखल वर यायला लागला. एजंट म्हणाला, "काय नाय मालक, लाल माती हाय, आत्ता संपंल." तीन-चार फुटांत संपली पण. २१० फुटांवर पाणी लागलं, नारळ फोडला, पेढे वाटले. तिसऱ्या उन्हाळ्यात मोटार लाल पाणी ओढायला लागली आणि एक दिवस बंद पडली. काढायला गेलो तर पाइप हलेना. चेनपुली लावून ओढला, तर पाइप मधनंच तुटला. मोटार आजही खालीच आहे.

चूक निम्मी त्यांची, निम्मी माझी. केसिंगचे पैसे फुटावर असतात, त्यामुळं "बास झालं एवढं" म्हणणारा मीच होतो.

ही लाल माती काय आहे ते आधी बघू. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो एकदम आला नाही, थरावर थर येत गेला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो. वरचा भाग सच्छिद्र असतो आणि त्यातल्या भोकांत पांढरे खडे भरलेले दिसतात. एक थर येऊन गेल्यावर दुसरा यायच्या आत मधे बराच काळ गेला, तिथं बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा तयार झाला. महाबळेश्वरवरून पोलादपूरला आंबेनळी घाटानं उतरताना रस्त्याच्या कापात असे तांबडे पट्टे उघडे दिसतात. तोच प्रकार आपल्या शेताखाली असतो, फक्त दिसत नाही.

कोरडी असताना ही माती विटेसारखी कडक असते. हॅमर त्यातनं काही मिनिटांत पार होतो आणि बोअरची भिंत सरळ उभी राहते. त्यामुळं गाडी असेपर्यंत सगळं ठीक वाटतं. पाणी लागलं की ती फुगते, मऊ होते आणि पापुद्रे सुटतात. त्यात आपण रोज मोटार चालू-बंद करतो, बोअरमधलं पाणी खाली-वर होतं, म्हणजे भिंत रोज भिजते आणि उघडी पडते. मोटार या पट्ट्याच्या खाली सोडलेली असली तर सुटलेली माती आणि दगड तिच्या डोक्यावर बसतात. मग ती वर येत नाही.

उपाय आहे, पण तो गाडी दारात असतानाच करायचा असतो. साडेसहा इंची बोअरमध्ये दुसरं आतलं पीव्हीसी केसिंग वरपासून तळापर्यंत सोडतात. मोटार चार इंची असते, ती त्यात उतरली पाहिजे, हे आधी मापानं बघा. लाल पट्ट्यासमोर साधा पाइप आणि पाण्याच्या झऱ्यासमोर चिरा पाडलेला पाइप यायला हवा. बरेच जण सरसकट चिरांचा पाइप सोडतात. मग लाल माती चिरांतून आत येतेच, पैसेही जातात आणि बोअरही. पाइपवर आयएस १२८१८ हा शिक्का आणि सीएस किंवा सीएम असं अक्षर असतं. सीएस ८० मीटरपर्यंतच्या बोअरला, त्याहून खोल असेल तर २५० मीटरपर्यंत सीएम.

आता कुठला पाइप किती फुटांवर, हे कळायला टिपण लागतं. एक रॉड साधारण २० फुटांचा असतो. प्रत्येक रॉडला वर आलेला चुरा मूठभर घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून वर फूट लिहा. रंग कुठं बदलला, ओल कुठं आली, पाणी कुठं वाढलं, सगळं लिहा. बहुतेक गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या असतात, पोरांना मराठी बेताचं येतं, त्यामुळं बोलणं एजंटाशी होतं आणि एजंट रात्री झोपायला जातो. तुम्ही झोपू नका.

वरचं केसिंग बसवतानाही अशीच गफलत होते. मुरमात काळ्या खडकाचे गोल गोटे असतात. हॅमर गोट्यावर वाजला की "हार्ड लागला" म्हणून केसिंग तिथंच टेकवतात. गोट्याखाली परत मुरूम निघतो आणि तो केसिंगखालून ढासळत राहतो. म्हणून आणखी पाच-दहा फूट मारायला लावा. चुरा एकसारखा करडा आणि कोरडा आला तर खडक सलग आहे, मग केसिंग त्यात दोन-चार फूट आत घुसवा. केसिंगच्या बाहेरची फट चिकणमातीनं किंवा सिमेंटनं बंद करा, नाहीतर पहिल्या पावसाचं गढूळ पाणी त्याच वाटेनं आत जातं.

बोअर मारतानाच ढासळायला लागला तर हॅमर त्या जागेच्या खाली ठेवून मशीन बंद करू देऊ नका, रॉड वर घ्यायला लावा. हॅमर अडकला की भांडण सुरू होतं. ढासळलेल्या जागी पातळ सिमेंट सोडून ते पक्कं होऊ द्यायचं आणि परत त्यातनं मारायचं, हाही मार्ग आहे. पण गाडीवाला थांबायला तयार होत नाही, कारण पुढचं गिऱ्हाईक वाट बघत असतं. हे सगळं आधीच बोलून घ्या.

हे झालं आपल्या पाषाणाचं. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपड्याकडं सातपुड्याच्या पायथ्याला खडक नाही, गाळ आणि दगडगोटे आहेत, तेही खूप खोलवर. तिथं हवेच्या हॅमरनं भोक उभंच राहत नाही. बेंटोनाइटचा चिखल फिरवून त्याच्या दाबावर भिंत धरतात, नंतर चिरांचा पाइप सोडून भोवती गोल खडी भरतात. गोट्यांच्या भागात हॅमरच्या मागोमाग केसिंग खाली ओढणारं ओडेक्सचं बिट वापरतात. तिकडच्या पाहुण्यानं सांगितलेला खर्च ऐकून आपण घाबरू नये आणि त्यांनी आपला ऐकून हसू नये.

कायद्याचं एक सांगतो. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली गेलेला बोअर खोल विहीर धरला जातो. माझे दोन्ही बोअर त्यात येतात, म्हणून मोठ्या तोंडानं बोलत नाही. पण गाडीची नोंदणी असावी लागते, तो कागद बघायला मागा. जागा बघण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही विचारता येतं.

जुना बोअर मी माती आणि दगडांनी जमिनीपर्यंत भरून घेतला. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये लहान मुलं पडण्याच्या घटनांवरून तसं बजावलंच आहे. नवा बोअर २६० फुटांचा, आतून पूर्ण केसिंग टाकलेला. परवा मोटार वर काढली तेव्हा दोरीला दगड बांधून सोडला. दोरी २५२ फुटांवर टेकली. आठ फूट गाळ साठलाय, मोटार २३० वर आहे. परत मोटार निघेल तेव्हा परत मोजणार आहे.