वानरांचे आख्यान

मालवण तालुक्यात ज्याची चार माडांची वाडी आणि दहा-बारा आंब्याची कलमे आहेत, त्याच्याकडून माकडांविषयी दोन बऱ्या शब्दांची अपेक्षा कोणी करू नये. कोवळी शहाळी तोडून खाली टाकलेली, परसातली पपई अर्धी खाऊन फेकलेली, कौले सरकलेली आणि मिरगाच्या पहिल्या सरीला माजघरात धार लागलेली, ही आमची बारमाही कैफियत. आणि फटाके, गलोल व दारचा कुत्रा हा तिच्यावरचा अपुरा बंदोबस्त. अशा माणसाने ज्येष्ठातल्या एका पावसाळी रात्री, मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या आग्रहाखातर ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ पाहायला बसावे आणि एका चिंपांझीसाठी त्याचे डोळे भरून यावेत, हा योग माझ्या कल्पनेतही नव्हता.

बसण्यापूर्वी मी हरकत घेतली होती ती वेगळीच. पियेर बूल या फ्रेंच लेखकाची कादंबरी १९६३ सालची, तिच्यावरचा पहिला चित्रपट १९६८चा, त्याला १९७३पर्यंत जोडलेले आणखी चार भाग, पुन्हा २००१ साली झालेला एक स्वतंत्र प्रयत्न, आणि हे सारे बाजूस सारून २०११ साली नव्याने मांडलेला हा डाव; यांपैकी काहीच न पाहिलेल्या माणसाने मध्येच येऊन काय समजून घ्यायचे? “काका, वायच बसा तरी,” तो म्हणाला, “मागचा काय म्हायत नसला तरी चलता.”

त्याचे म्हणणे खरे ठरले. आणि ते का खरे ठरले याचे उत्तर मला आमच्या दशावतारात सापडले. जत्रेत गणपती, रिद्धी-सिद्धी आणि संकासुर येऊन गेले की आख्यान उभे राहते. त्याची लिखित संहिता नसते; कथेचे सूत्र तेवढे ठरते आणि मृदंग, झांज व पायपेटीच्या साथीवर नट आपले संभाषण त्या रात्रीपुरते रचतो. कथा सर्वांस ठाऊक असते, तरी माणसे पहाटेपर्यंत मांडी मोडत नाहीत, कारण आज अमुक नट हा प्रसंग कसा उभा करतो हेच पाहायचे असते. वानरांचा पुढारी सीझर १९७२च्या चित्रपटातही होता आणि त्याचे बंडही तेथे होते. २०११च्या चित्रपटाने नवे संभाषण रचले ते असे, की त्याला एका शास्त्रज्ञाच्या घरात लहानाचा मोठा केला, त्या शास्त्रज्ञाच्या स्मृती हरवत चाललेल्या वृद्ध पित्याची माया त्याला लावली, आणि त्या पित्याच्या रक्षणासाठी तो शेजाऱ्यावर धावून गेला म्हणून त्याला कोंडवाड्यात दाखल केले. तेथे छळ करणाऱ्या रखवालदाराचा हात धरून तो आयुष्यातला पहिला शब्द उच्चारतो, ‘नाही’. तेव्हा आमच्या पडवीत पागोळ्यांखेरीज कसलाही आवाज नव्हता.

हा सीझर अँडी सर्किस या नटाने साकारला आहे. चेहऱ्यावर ठिपके आणि तोंडासमोर रोखलेला एक लहानसा कॅमेरा एवढ्या सामग्रीनिशी तो अभिनय करतो; न्यूझीलंडमधील वेटा या संस्थेचे कारागीर मग संगणकावर त्याच्या प्रत्येक स्नायूची हालचाल वानराच्या मुखावर उतरवतात. कातडे संगणकाचे, पण नजर नटाची. देवळामागच्या पडवीत आपल्याच पेटाऱ्यावर बसून, एका हातात आरसा धरून दुसऱ्या हाताने स्वतःचा चेहरा रंगवणारा दशावतारी ज्याने पाहिला आहे, त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. मॉरिस हा वृद्ध ओरांगउटान तर करिन कोनोवल या स्त्रीने रंगवला आहे, हे ऐकून आमच्या पुरुषांनी उभ्या केलेल्या द्रौपदी मला आठवल्या.

दुसरा भाग (२०१४) मला सर्वांत सरस वाटला. साथीने माणसे नष्ट झालेली आणि वेलींनी गिळलेली नगरी पाहताना मनात आली ती आचऱ्याची गावपळण: रामेश्वराचा कौल होताच गुरेढोरे, कुत्री-मांजरे घेऊन सारा गाव वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस घरे निर्मनुष्य उभी राहतात. याच भागात कोबा नावाचा वानर, माणसांच्या उद्योगाची गोष्ट निघताच, प्रयोगशाळेत झालेले आपल्या अंगावरचे व्रण एकेक करून दाखवतो आणि प्रत्येक वेळी तेच म्हणतो: हा माणसांचा उद्योग. पुढे हाच कोबा घात करतो. पण दशावतारातल्या असुरालाही आपली बाजू भर सभेत मांडण्याचा अधिकार असतो, आणि तो अधिकार या चित्रपटाने कोबाला मोकळ्या मनाने दिला, याचे मला फार मोल वाटते. त्या व्रणांकडे पाहताना माझी गलोल मला आठवली, हे येथे नमूद केले पाहिजे.

तिसरा भाग (२०१७) संपला तेव्हा पहाट होत आली होती. जत्रेत साधारण याच सुमारास दहीकाल्याची हंडी फुटते. पुतण्या उठून दिवा मालवू लागला. मी त्याला थांबवले आणि १९६८चा तो मूळ चित्रपट कोठे मिळेल याची चौकशी केली.