दुसऱ्याच्या पैशाचे वेगळे खाते

महामंदीत अमेरिकेत कर्जे बुडाली आणि असंख्य इमारती बँका व विमा कंपन्यांच्या ताब्यात आल्या. भाडेकरू आत राहतच होते. बॉयलर चालू ठेवायचा होता, छप्पर दुरुस्त करायचे होते, कर भरायचा होता, आणि हे सांभाळायची सवय बँकांना नव्हती. मालक दूर आणि भाडे गोळा करणारा इमारतीच्या दारात, अशा व्यवस्थेत पैसा कुठे मुरतो हे समजणे मालकाला अवघडच. १९३३ साली इमारती सांभाळणाऱ्या काही कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इन्स्टिट्यूट ऑफ रिअल इस्टेट मॅनेजमेंट’ स्थापन केली, ती या पार्श्वभूमीवर. तिचे मुख्यालय शिकागोत आहे.

सदस्य होण्यासाठी कंपनीला आधी हमी द्यावी लागे. मालकाचा पैसा स्वतःच्या पैशात मिसळायचा नाही. त्याच्या इमारतीच्या कामातून मिळालेले प्रत्येक कमिशन त्याला उघड सांगायचे. पैसे हाताळणाऱ्या नोकरांसाठी विम्यासारखे हमीपत्र घ्यायचे. गळती कशी शोधावी, लिफ्टचा करार कसा करावा, हे शिक्षण नंतरचे. पाया हिशेबाच्या सचोटीचा होता, आणि या संस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. तांत्रिक ज्ञान विकत घेता येते, प्लंबर बोलावता येतो. बिलात आपला टक्का न घालणारा माणूस तसा मिळत नाही.

पाचच वर्षांत संस्थेने दिशा बदलली. कंपनीने दिलेली हमी कंपनीची. माणूस नोकरी बदलतो, कंपनीची धोरणेही बदलतात. म्हणून १९३८ मध्ये मान्यता व्यक्तीला देण्याचे ठरले आणि ‘सर्टिफाइड प्रॉपर्टी मॅनेजर’, म्हणजे सी.पी.एम., हे पद रूढ झाले. कंपन्यांसाठीची स्वतंत्र मान्यता १९४५ मध्ये आली. तिच्यातही जबाबदारीच्या जागी सी.पी.एम. असलेला माणूस हवाच.

आज हे पद मिळवायला अभ्यासक्रम, परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि नीतिनियमांचे शिक्षण लागते. त्यात व्यवस्थापन आराखड्याची कसोटी मला विशेष आवडते. इमारतीचे उत्पन्न, खर्च, आसपासचे भाडे, पुढच्या दुरुस्त्या हे सगळे मांडून मालकाने काय करावे हे आकड्यांनिशी सांगायचे. पाठांतरावर निभावत नाही. कायद्याने मात्र हे पद सक्तीचे नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत दुसऱ्याची मालमत्ता सांभाळायला ब्रोकरचा परवाना लागतो, पण तो वेगळा. सी.पी.एम. माणूस आपणहून मिळवतो, आणि नियम मोडला तर संस्था ते काढून घेऊ शकते. ही काढून घेण्याची सोय नसती तर प्रमाणपत्राला किंमत उरली नसती.

आपल्याकडे पैसा वेगळा ठेवण्याचे तत्त्व कायद्यात आले ते बिल्डरसाठी. २०१६ च्या रेरा या रिअल इस्टेट नियमन कायद्यानुसार ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. २०२३ मध्ये महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. फ्लॅट विकेपर्यंत एवढा पहारा! पण ताबा मिळाला, सोसायटी झाली, की पुढची कित्येक दशके मेंटेनन्स, सिंकिंग फंड आणि रंगकामाची कोटेशने ज्याच्या हातून जातात, त्या मॅनेजरसाठी अशी कोणतीही सक्ती नाही. कमिटीतली मंडळी नोकरी-धंदा सांभाळून हे काम बघतात. बहुतेकदा सही तेवढी त्यांची असते. मोठ्या दुरुस्तीला निघालेल्या इमारतीचा खर्च लाखांच्या घरात सहज जातो आणि तो पैसा निवृत्त माणसांच्या पेन्शनमधूनही आलेला असतो.

महाराष्ट्रात याची सुरुवात करायला जागा आहे. सहकार खाते जी.डी.सी. अँड ए. या सहकार व लेखा पदविकेच्या जोडीने सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनाची सी.एच.एम. ही परीक्षा घेते. तिला बसणारे लोक सोसायटीचा कायदा आणि हिशेब शिकतात, ही मोठी गोष्ट. तरीही मॅनेजर नेमताना ‘सी.एच.एम. आहात का?’ असे विचारणारी कमिटी मला क्वचितच दिसते. पगार किती घेणार, हे मात्र पहिल्या पाच मिनिटांत विचारले जाते. या परीक्षेला आचारसंहितेची आणि ती मोडणाऱ्यावर कारवाईची जोड मिळायला हवी. तोवर सोसायट्यांना एक गोष्ट आजही करता येईल: व्यवस्थापन बघणाऱ्या मॅनेजर किंवा एजन्सीबरोबरच्या करारातच लिहून घ्यायचे की पुरवठादाराकडून मिळणारी कोणतीही रक्कम कमिटीला लेखी कळवली जाईल, आणि सोसायटीचा एक रुपयाही त्यांच्या खात्यातून फिरणार नाही.