सात सुतांचा मास्टर सिलिंडर

जुन्या जीपला पुढे डिस्क बसवायचं ठरलं की मालक कॅलिपर शोधतो, डिस्क शोधतो, रिम बसेल का ते बघतो. मास्टर सिलिंडरची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि तेव्हा पैसे आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. मग समोर येईल तो लावला जातो. त्यातही सल्ला ठरलेला: "मोठा लावा, ब्रेक जोरात लागेल." हा सल्ला साफ उलटा आहे. मास्टर सिलिंडरचा व्यास वाढला की त्याच पायाच्या जोराला तेलाचा दाब कमी मिळतो. पॅडल हाताला किंवा पायाला टणक लागतं, त्यामुळे ब्रेक चांगला झाला असं वाटतं. गाडी मात्र उशिरा थांबते.

नाशिकरोडकडच्या एका गॅरेजात हे काम मी उभं राहून पाहिलं. गाडी महिंद्राची सीजे-3बी, उंच बॉनेटची, पेट्रोल इंजिनाची. विलिस कंपनीने हे मॉडेल अमेरिकेत 1953 मध्ये आणलं आणि महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं आपल्याकडे बनवलं. या जीपला चारही चाकांना ड्रम. मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नाहीच, तो ड्रायव्हरच्या पायाखाली चासीला बोल्ट केलेला. पॅडलचा दांडा फ्लोअरच्या भोकातून खाली जातो. ब्रेक ऑइल बघायचं तर मॅट उचलायची, फ्लोअरवरची छोटी झाकणपट्टी काढायची आणि टॉर्च मारायचा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, सगळं त्याच्या अंगावर. शिवाय सर्किट एकच. कुठल्याही एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. घाटात राहणाऱ्या माणसाला हे कारण पुरेसं आहे. डिस्क बसवा न बसवा, दोन सर्किटांचा सिलिंडर बसवाच, असं माझं मत आहे. दुकानात त्याला टीएमसी म्हणतात, टँडम मास्टर सिलिंडर.

पुढच्या ॲक्सलचं काम आधीच उरकलं होतं. नकल, हब, डिस्क, कॅलिपर बसले होते आणि मूळ सिलिंडर अजून जागेवर होता. मालकाने तसंच एकदा आवारात फिरवून पाहिलं होतं आणि त्याची तक्रार होती की ब्रेक "लाकडासारखा" झालाय. गॅरेजच्या मिस्त्रींनी त्याला पाय काढायला सांगितलं आणि पुढचं चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं. चाक घासत फिरलं. पॅडल सोडलेलं असूनही पॅड डिस्कला धरून होते.

दोन्ही तक्रारींचं मूळ त्या जुन्या सिलिंडरात होतं. ड्रममध्ये फिरणारा ड्रम लायनरला आपल्याबरोबर ओढतो आणि शू आपोआप आणखी घट्ट रुततो. पायाला ही फुकटची मदत मिळते. डिस्कला ती नाही. तिथे जेवढा दाब पोचेल तेवढाच ब्रेक. म्हणून डिस्कला दाब जास्त लागतो, आणि एक इंची जुना सिलिंडर तो देऊ शकत नाही. चाक घासण्याचं कारण वेगळं. ड्रमच्या जुन्या सिलिंडरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब राखतो, म्हणजे चाकाच्या सिलिंडरचे रबर कप भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. ड्रममधल्या शूंना मागे ओढायला मजबूत स्प्रिंग असतात, त्यामुळे तिथे हा दाब चालतो. कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नाही. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटछेदाचं रबर किंचित पिळतं आणि सुटताना पिस्टनला केसभर मागे घेतं, बस. 10 पीएसआय त्याला मागे येऊ देत नाही. दहा-पंधरा किलोमीटरांत डिस्क तापते.

मग मापं सुरू झाली आणि इथून पुढचा तासभर मला सगळ्यात आवडला. मिस्त्रींनी कुठलाही सिलिंडर हातात घेतला नाही; आधी टेप घेतली. पॅडलच्या खिळीपासून पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत 30 सेंटिमीटर, खिळीपासून पुशरॉडपर्यंत 5. म्हणजे पायाचा जोर सहापट होतो. फ्लोअरपर्यंत पॅडलची एकूण चाल 13 सेंटिमीटरच्या आसपास. कॅलिपरच्या पिस्टनला व्हर्निअर लावला: 48 मिलिमीटर. मागच्या ड्रमचे सिलिंडर मूळचेच, पाऊण इंची. हे आकडे त्यांनी खडूने टूलबॉक्सच्या झाकणावर लिहिले.

हिशेब असा. पायाचा जोर 30 किलो धरा, पुशरॉडवर तो 180 किलो. एक इंची सिलिंडरचं क्षेत्रफळ 5.07 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब साडेपस्तीस किलो. सात सुतांच्या, म्हणजे सात अष्टमांश इंची सिलिंडरचं 3.88, दाब 46 किलो. पाऊण इंचीचं 2.85, दाब 63. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ 18.1, त्यामुळे पॅडवर अनुक्रमे साधारण 640, 840 आणि 1,140 किलो. एकाच पायातून, एकाच पॅडलमधून. फरक फक्त भोकाच्या व्यासाचा.

हे ऐकून मालक लगेच म्हणाला, "मग पाऊण इंची लावून टाका ना मामा."

"चालेल की. पाय कुठवर जातो ते आधी बघू," मिस्त्री म्हणाले.

छोट्या सिलिंडरची किंमत इथे मोजावी लागते. पॅड आणि डिस्कमधली फट, शूंची चाल हे सगळं भरून काढायला तेल ढकलावं लागतं. पुढे पिस्टन अर्धा मिलिमीटर हलला तर दोन्ही कॅलिपरला मिळून 1.8 सीसी. मागे शू दोन मिलिमीटर हलले तर चार पिस्टनना मिळून 2.3. एकूण चार सीसीच्या वर. एक इंचीत त्यासाठी पॅडल जवळजवळ 5 सेंटिमीटर खाली जातं, सात सुतांच्यात 6 ते साडेसहा, पाऊण इंचीत साडेआठच्या पुढे. यात रबरी होज फुगते ती आणि पुशरॉडची मोकळीक धरलेली नाही. आता एक सर्किट फुटलं असं समजा. टीएमसीतला एक पिस्टन आधी पार शेवटपर्यंत रिकामा धावतो आणि मग दुसरं सर्किट दाब धरतं. पाऊण इंचीत तेवढी चाल उरतच नाही, पॅडल फ्लोअरला टेकतं. दोन सर्किटं घेऊनही ऐन वेळी हाती काही लागत नाही. सात सुतांच्यात चाल पुरते. घाबरून 45 किलोने पाय मारला तर दाब 70 किलोपर्यंत जातो, आणि हलक्या, उघड्या जीपला तो पुरतो. निवड तिथेच झाली.

बूस्टरचा विषय निघालाच. नाशिकला बोलेरो बनते, त्यामुळे तिचा बूस्टर आणि टीएमसी जोडीने सहज मिळतात, आणि अनेक जण तोच मार्ग घेतात. तो वाईट नाही. पण बूस्टरबरोबर येणारा सिलिंडर मुद्दाम मोठ्या व्यासाचा असतो, कारण जोराची भर बूस्टर घालतो. जागा नाही म्हणून बूस्टर काढला आणि नुसता टीएमसी लावला तर पॅडल दगड होतं. डिझेल जीप असेल तर आणखी एक अडचण: डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये कामाचा व्हॅक्युम तयार होत नाही, त्याला अल्टरनेटरवरचा व्हॅक्युम पंप लागतो. या मालकाला बॉनेटखाली काही नको होतं. मूळ पॅडल, मूळ जागा, इतकीच त्याची अट.

दुकानातून आलेले सात सुतांचे दोन सिलिंडर बाकावर शेजारी ठेवले होते. बाहेरून सारखेच. मिस्त्रींनी दोन्हींच्या मागच्या तोंडात बोट घातलं. एकात पुशरॉडचा खड्डा खोल, बोटाचं पेर आत जाईल एवढा. दुसऱ्यात नुसती उथळ वाटी. उथळवाला बूस्टरसाठी बनलेला. तिथे रॉड बूस्टरच्या पोटात बंदिस्त असतो, निसटायला जागा नसते. तोच साध्या पॅडलला लावला तर पॅडल झटक्याने वर आल्यावर रॉड खड्ड्यातून बाहेर पडू शकतो आणि पुढचा पाय हवेत जातो. तो सिलिंडर त्यांनी परत खोक्यात घातला. या एका तपासणीसाठी कुठलंही हत्यार लागत नाही, तरी ती फार कमी जण करतात.

तितकाच धोका आट्यांचा आहे. जीपच्या पाइपांचे नट तीन सुती, इंचाला 24 आटे. नव्या टीएमसीचं भोक 10 मिलिमीटरचं, एक मिलिमीटर पिचचं. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. त्यामुळे जुना नट नव्या भोकात छान फिरतो, थोडा सैल, आणि बसल्यासारखा वाटतो. जोराचा ब्रेक मारला की आटे सोलून पाइप बाहेर. शिवाय पाइपाच्या तोंडाचा फ्लेअरही दोन्हींत वेगळा. इथे जुगाड नको. टीएमसीपासून नवे पाइप, नव्या नटांसह, योग्य फ्लेअर काढून ओढले गेले.

ऑइलची बाटली त्यांनी सिलिंडरवर न ठेवता रबरी नळीने वर आणली, पुढच्या पत्र्यावर. त्याने दोन गोष्टी साधल्या. सिलिंडर कॅलिपरच्या खाली असेल तर तेल मागे उतरू नये म्हणून लाइनमध्ये 2 पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह घालावा लागतो. बाटली कॅलिपरच्या वर असली की त्याची गरज राहत नाही. दुसरं म्हणजे बाटली मोठी घेता आली. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्या मागे तेल भरत जातं. दोन्ही पॅड आठ-आठ मिलिमीटर झिजले तर एका कॅलिपरमध्ये 29 सीसी तेल जाऊन बसतं, दोन्हींत मिळून 58. मूळ सिलिंडरच्या छोट्या खोबणीतून एवढी भर निघणं कठीण.

बसवण्याआधी टीएमसी बाकावर शिकंज्यात धरला, दोन्ही तोंडांतून छोट्या नळ्या परत बाटलीत सोडल्या आणि पिस्टन सावकाश ढकलत आतली हवा काढली. गाडीवर चढवल्यावर पुशरॉडची लांबी लावली. रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे एक मिलिमीटर मोकळीक हवी. बाटलीची नळी बसते त्या तोंडाच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पाय काढलेला असताना ते उघडं राहिलं पाहिजे, कारण तापून फुगलेलं तेल तिथूनच बाटलीत परततं. रॉड लांब झाला की ते झाकलं जातं आणि चालता चालता ब्रेक आपोआप धरायला लागतो. मिस्त्रींनी मालकाला पॅडल हळूच दाबायला सांगितलं आणि सिलिंडरच्या तोंडाशी टॉर्च धरला. पॅडल हललं त्या क्षणी भोकातून तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि लगेच थांबली. "मोकळीक बरोबर आहे," ते म्हणाले आणि लॉकनट आवळला.

कॅलिपरच्या निपलच्या जागी प्रेशर गेज लावून पाय दाबला तेव्हा काटा पंचेचाळीसच्या आसपास उभा राहिला. मिनिटभर तो हलला नाही. मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घातला होता, कारण 80 इंची व्हीलबेसच्या जीपची मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी जागच्या जागी फिरते. मोकळ्या मैदानावर ओल्या मातीत ब्रेक मारून, मागच्या चाकांच्या खुणा बघत त्यांनी तो व्हॉल्व्ह लावला. पुढची चाकं आधी घसरली पाहिजेत, मागची नंतर.

तुमच्या जीपचं हे काम निघालं असेल तर दुकानात जाताना तीन आकडे खिशात असू द्या: पॅडलचं गुणोत्तर, कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास आणि मागच्या सिलिंडरचा व्यास. टीएमसीवर माप ओतलेलं नसेल तर व्हर्निअर लावून घ्या, मागच्या तोंडात बोट घालून खड्डा किती खोल ते बघा. आणि जो दुकानदार "सगळ्या जीपला हाच बसतो" म्हणतो, त्याच्याकडून ब्रेकचा भाग घेऊ नका.