चुनखडीवरची फुलझाडं

सकाळी साडेसहाला भिलाईच्या नंदिनी रोडने निघालो. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की माझा हंगाम सुरू होतो : लोकांच्या नव्या घरांभोवती झाडं निवडून द्यायची आणि लावून द्यायची. आजचं घर अहिवाऱ्याचं. घरमालक काका भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळ भंडाऱ्याकडचे.

सात वाजता काकूंनी दारातच सांगितलं, "आधी चहा घेऊन घ्या भाऊ, माती कुठं पळून नाही जात." काकांची यादी तयार होती : गुलमोहर, सोनचाफा, बहावा. प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये. फोटोतलं झाड नेहमी बहरातलंच असतं. उरलेले दहा महिने ते कसं दिसतं, सावली देतं की कचरा, याचा फोटो कुणी काढत नाही.

साडेसात. कुदळ मारली. छत्तीसगडात शेतकऱ्याला मातीच्या जाती तोंडपाठ असतात : भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. इथे वर वीतभर पिवळसर मटासी निघाली आणि खाली पांढरे खडे. नवल नाही. भिलाईच्या झोतभट्ट्यांना चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणी इथून जवळच. काकूंकडून व्हिनेगर मागून घेतलं आणि ढेकळावर चमचाभर ओतलं. ढेकूळ फसफसलं, कडेने बारीक बुडबुडे आले. सोनचाफ्याचा निकाल तिथेच लागला. चुन्याच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात, मधलं पान पिवळं पडतं आणि झाड कुढत राहतं.

"माहेरी दारातच होता," काकू म्हणाल्या. मग तोड काढली : कलमी सोनचाफा, अर्ध्या कापलेल्या मोठ्या ड्रमात, लाल माती आणि कुजलेल्या पाल्यात. कलम कमरेएवढं असतानाच फुलायला लागतं.

नऊ वाजता काकांना घराच्या पश्चिमेला उभं केलं. मे महिन्यात दुपारचं ऊन या भिंतीवर तीन तास असतं, आणि पारा पंचेचाळिसाच्या आसपास. काकांना इथे बहावा हवा होता. बहावा, म्हणजे इथला धनबहेर, देखणाच. पण ऐन उन्हाळ्यात तो पानं टाकून फुलतो. डोळ्यांना पिवळं झुंबर, भिंतीला सावली नाही. त्याची जागा पुढच्या अंगणात, रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसेल अशी. पश्चिमेला मी करंज सुचवला. काकांचा चेहरा उतरला. "करंज? तो तर सडकेच्या कडेला लावतात." लावतात, कारण तो टिकतो. चुन्याची जमीन, धूळ, पाण्याची ओढ, सगळं सोसतो. वसंतात थोडे दिवस पान झाडतो आणि लगेच लखलखीत पालवी धरतो, म्हणजे मे महिन्यात सावली भरगच्च. फुलं लहान, फिकट जांभळट-गुलाबी. सकाळी झाडाखाली सडा पडतो आणि वर मधमाश्या.

गुलमोहरावर मात्र अर्धा तास वाद झाला. झाड मूळचं मादागास्करचं, रंगाला तोड नाही, हे मान्य. पण लाकूड ठिसूळ, मुळं वरच्यावर पसरणारी. पावसाआधीच्या वादळात फांदी कडाडून खाली येते आणि अंगणातली फरशी उचलली जाते. मोकळ्या माळावर जरूर लावावा. विजेच्या तारेखाली, भिंतीपासून आठ फुटांवर, मी तरी लावून देणार नाही.

अकराला नर्सरी. इथे घाई नडते. दहा फुटी रोप पाहून लोक खूश होतात, पण ते बहुधा लहान पिशवीत वर्षानुवर्षं अडकलेलं असतं. मी पिशवीचा तळ उलटून पाहतो. मुळं गोल गोल वळून जाड झाली असतील तर रोप परत. चार-पाच फुटांचं, सरळ शेंड्याचं घेतलं तर ते तीन वर्षांत त्या दहा फुट्याला गाठतं.

दुपारी जेवण आणि सावली.

साडेतीनला खड्डे. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. शेवटच्या फुटाला पहारच लागली. सगळे पाण्याने भरले. बाकीच्यांतलं पाणी तासाभरात जिरलं, पुढच्या अंगणातला तसाच तुंबून राहिला. खाली चुनखडीचा पत्रा होता. पहारीने तो फोडेपर्यंत अंधारलं. बहाव्याला साचलेलं पाणी चालत नाही. त्यामुळे आज करंज, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पारिजातक आणि फाटकाशी पांढरा चाफा एवढंच लागलं. पांढऱ्या चाफ्याला या जमिनीची काही तक्रार नसते. पारिजातक पावसाळ्यात फुलू लागेल, म्हणजे बहावा संपल्यावरचे महिने ओस नाहीत. बहावा उद्या.

निघताना काकांना बजावलं : बांबूचा आधार वर्षभर, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवायचं नाही.

तुम्हीही यंदा लावणार असाल तर जुलैच्या आत लावा, आणि पश्चिमेच्या भिंतीसाठी नर्सरीत करंज मागून घ्या. तो पुढे मांडलेला नसतो. मागच्या ओळीत असतो आणि स्वस्त मिळतो.