होडी घेणं सोपं, सांभाळणं अवघड: खर्च कुठे होतो आणि इंजिन ऐनवेळी का बंद पडतं?

खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली आहे. आतलं पाणी जोरात समुद्राकडे निघालंय, समोरून लाटा आत येतायत आणि दोन्ही जिथे भिडतात तिथे वाळूच्या पट्ट्यावर पाणी उसळतंय. अशा जागी १८-२० फुटी होडीचं इंजिन बंद पडलं, तर ते पुन्हा सुरू करायला फार वेळ मिळत नाही. होडी आडवी झाली आणि बाजूने लाट बसली, तर ती उलटू शकते.

इंजिन बंद पडतं ते पाण्यात, पण त्याचं कारण बऱ्याचदा आधीच काठावर तयार झालेलं असतं. टाकीत महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल, आत साचलेलं मीठ किंवा वेळेवर न बदललेला तळहातात मावेल एवढा रबरी पंखा.

कोकणात आणि गोव्यात पर्यटन वाढलं, तसा गावी जाऊन एक छोटी होडी घ्यावी, असा विचार अनेक जण करतात. कुणाला मासेमारीसाठी हवी असते, कुणाला पर्यटकांना खाडी फिरवण्यासाठी, तर कुणाला फक्त हौस म्हणून. होडी घेतानाचे व्हिडिओ भरपूर दिसतात. घेतल्यानंतर काय करावं लागतं, ते फारसं दिसत नाही. तेच समजून घेऊया.

आधी ठरवा, होडी कशासाठी?

कागदपत्रं यावरच ठरतात. मासेमारीची होडी असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी आणि मासेमारीचा परवाना लागतो. महाराष्ट्रात प्रवासी किंवा पर्यटक न्यायचे असतील, तर विषय महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे जातो. गोव्यात हे काम बंदर कप्तान खातं बघतं. खाडी आणि नदीतल्या यांत्रिक होड्यांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. त्यात नोंदणी, तपासणी आणि विमा या तिन्ही गोष्टी येतात.

मासेमारीसाठी नोंदवलेल्या होडीत सुट्टीच्या दिवशी पर्यटक बसवणं म्हणूनच धोक्याचं आहे. अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न नोंदणी कशासाठी होती, हाच विचारणार.

लाकूड की फायबर?

जुन्या जाणत्या मच्छीमारांचा जीव अजूनही लाकडी होडीत असतो. ती पाण्यात स्थिर वाटते आणि गावातल्या सुताराकडून दुरुस्त होते. पण खाऱ्या पाण्यात टेरेडो नावाचा जीव लाकूड आतून पोखरतो. वरून फळी ठणठणीत दिसते आणि आत चाळण झालेली असते. म्हणून लाकडी होडी ठरावीक काळाने किनाऱ्यावर ओढून वाळवणं, फटी भरणं आणि तेल किंवा रंग लावणं चुकत नाही. चांगलं लाकूड महाग झालंय आणि होडी बांधणारे कारागीरही कमी झालेत.

फायबरच्या होडीला कीड लागत नाही, वजन कमी असतं आणि दोन-चार माणसं ती ओढून वर घेऊ शकतात. पण फायबरला काहीच करावं लागत नाही, हा गैरसमज आहे. उन्हाने वरचा चकचकीत थर पांढुरका होऊन खडूसारखा हाताला लागतो. वाळूवर घासून तळाचा थर झिजला, की आतले काचेचे धागे उघडे पडतात आणि त्यातून पाणी शिरतं. अशी जागा लवकर वाळवून, घासून, रेझिन आणि मॅटने भरली तर काम थोडक्यात होतं. तशीच वापरत राहिलात, तर होडी आतून पाणी पिते आणि जड होते.

पहिलीच होडी असेल आणि ती रोज किनाऱ्यावर ओढून ठेवायची असेल, तर फायबर बरी. कायम पाण्यातच नांगरून ठेवणार असाल, तर तळाला शेवाळ आणि बार्नेकल चिकटतात, वेग घटतो, पेट्रोल जास्त जळतं. त्यासाठी तळाला खास रंग लावावा लागतो. त्या रंगात तांबं असेल, तर तो ॲल्युमिनियमच्या इंजिनाला लागू देऊ नका. खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सोबतीने ॲल्युमिनियम झपाट्याने गंजतं.

जुनी होडी घेताना काय बघाल?

ताजा रंग बघून भुलू नका, रंगाखाली बरंच काही लपतं. या पाच गोष्टी स्वतः तपासा:

• स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने होडीभर हलकेच ठोकत जा. चांगल्या भागाचा आवाज टणक येतो. थर सुटलेले असतील तिथे तो बद्द येतो.

• इंजिन जिथे अडकवतात ती मागची फळी बघा. अनेक फायबर होड्यांमध्ये तिथे आत प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. इंजिन हातांनी मागेपुढे हलवा. फळी लवली किंवा चिरा दिसल्या, तर मोठा खर्च आहे असं समजा.

• इंजिनाच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल थोडं काढून बघा. ते दुधाळ दिसलं, तर सील गेलं आहे आणि आत पाणी जातंय.

• इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल, तर त्याचं कारण विचारा.

• नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, कर्ज बाकी आहे का आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळतो का, हे बघा. नाव बदलून मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

इंजिन: फेरीनंतरची पंधरा मिनिटं

होडीला मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचंच पाणी आत खेचलं जातं. म्हणजे समुद्रात प्रत्येक फेरीला इंजिनात खारं पाणी फिरतं. ते सुकलं, की मीठ आत राहतं. हळूहळू पाण्याच्या वाटा अरुंद होतात आणि इंजिन तापायला लागतं. उपाय स्वस्त आहे. परत आल्यावर पाइप जोडून किंवा पिंपात बुडवून १०-१५ मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवायचं. कोरडं मात्र कधीच चालवायचं नाही.

पाणी आत खेचणारा रबरी पंखा म्हणजे इंपेलर. वाळू आणि गाळ खेचून त्याची पाती झिजतात. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, ती म्हणजे इंपेलर काम करतोय याची खूण. प्रत्येक वेळी निघताना ती बघायची सवय लावा. धार बंद झाली, तर इंजिन लगेच बंद करा. कधीकधी तिथे नुसता कचरा अडकलेला असतो. रोज वापर असेल, तर इंपेलर दरवर्षी बदललेला बरा.

इंजिनाला खाली जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा एक तुकडा लावलेला असतो. मेकॅनिक त्याला ॲनोड किंवा नुसतं झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले, की त्यातला एक झिजतो. इंजिन झिजण्याऐवजी हा तुकडा झिजावा, अशी ती योजना आहे. अर्धा झिजला की बदला. त्यावर रंग मारलात, तर तो काम करणं बंद करतो.

आता पेट्रोल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी टाकी तीन-चार आठवडे पडून राहिली, तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसू शकतो. इंजिन पेट्रोल खेचतं तेही तळातूनच. म्हणून लागेल तेवढंच भरा, जुनं वापरू नका आणि टाकी व इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा.

पावसाळ्यात काय?

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. आगोट आली, की होड्या वर ओढून शाकारल्या जातात. झावळ्या असोत की ताडपत्री, होडी आणि आच्छादन यांत हवा खेळायला जागा ठेवा. घट्ट गुंडाळलेल्या होडीत ओल राहते.

तळाचं बूच काढून ठेवा आणि पुढचा भाग थोडा उंच करा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जाईल. पाण्याचं वजन अनेकांच्या लक्षात येत नाही. ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद तळावर फक्त १० सेंटीमीटर पाणी साचलं, तर ते ४८० किलो भरतं. दोन-तीन ठोकळ्यांवर टेकवलेल्या होडीला एवढ्या भाराने तडा जाऊ शकतो. टेकू जास्त ठिकाणी आणि रुंद द्या.

इंजिन काढून घरात उभं ठेवा. आडवं ठेवलं, तर उरलेलं पाणी नको तिथे जातं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका आणि बॅटरी सोडवून अधूनमधून चार्ज करा. नारळी पौर्णिमेनंतर होडी उतरवायच्या आदल्या दिवशी मेकॅनिक शोधायला निघालात, तर तो मिळणार नाही. त्या आठवड्यात सगळ्यांना तोच हवा असतो.

वर्षाला खर्च किती धरायचा?

होडी बाळगणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा चालतो: होडी आणि इंजिनाच्या किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बाजूला काढायची. ४ लाख गुंतवले असतील, तर वर्षाला ४० हजार. पेट्रोल वेगळं. १० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण वेगात तासाला ४ लिटरच्या आसपास पेट्रोल पिऊ शकतं. वेग थोडा कमी केला, तरी मोठा फरक पडतो.

पेट्रोलचा हिशेब तीन भागांत करा. एक भाग जायला, एक यायला आणि एक वारा फिरला तर.

होडीत काय हवंच?

प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, आणि तेही अंगात घातलेलं. बाकाखाली कोंबलेलं जॅकेट होडी उलटल्यावर हाती लागत नाही. पुरेशा दोरीसह नांगर, दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, टॉर्च, शिट्टी आणि प्लास्टिकच्या पिशवीत चार्ज केलेला मोबाइल हवा. जास्तीचा स्पार्क प्लग आणि तो काढायचा पाना विसरू नका. इंजिनाची लाल सुरक्षा दोरी मनगटाला बांधा, म्हणजे तुम्ही पाण्यात पडलात तर इंजिन आपोआप बंद होईल.

दोन नंबर फोनमध्ये ठेवा. समुद्रात अडकलात तर तटरक्षक दलासाठी १५५४ आणि सागरी पोलिसांसाठी १०९३. निघताना कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगून जा. उशीर झाला तर शोध कुठे घ्यायचा, हे त्यावरच ठरतं.

मग होडी घ्यावी का?

बहुतेक जण आधी होडी बघतात, मग इंजिन आणि शेवटी ती ठेवायची कुठे याचा विचार करतात. हा क्रम उलटा हवा. आधी जागा बघा: पावसाळ्यात होडी वर ओढता येईल का, ओढायला माणसं मिळतील का? मग तालुक्यात कोणत्या कंपनीच्या इंजिनाचे सुटे भाग आणि मेकॅनिक मिळतात, ते विचारा आणि तेच इंजिन घ्या. होडी त्यानंतर निवडा.

वर्षातून आठ-दहा दिवसच गावी जाणार असाल, तर स्वतःची होडी घेण्यापेक्षा भाड्याची होडी स्वस्त पडेल. किंवा गावातच राहणाऱ्या भावा-पुतण्याबरोबर भागीदारीत घ्या. फक्त फेरीनंतर इंजिन धुवायचं कुणी, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दोघांनाही दुसऱ्याने धुतलं असेल असं वाटत राहिलं, तर त्याची किंमत खाडीच्या मुखाशी कळते.