कणकेचा देह

नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी असलेल्या त्र्यंबकेश्वरी दरवर्षी असंख्य कुटुंबे येतात ती नारायण-नागबलीसाठी. कोणी पुरात गेलेला असतो, कोणी अपघातात, कोणी स्वतःच्या हाताने. दुर्मरण आलेल्या अशा माणसाला गती मिळावी म्हणून नारायणबली करतात. त्याला नागहत्येच्या दोषासाठीचा नागबली जोडून तीन दिवसांचा विधी होतो.

कुशावर्त तीर्थावर स्नान करून यजमान नवी पांढरी वस्त्रे नेसतो. मग गव्हाची कणीक भिजते. पोळ्यांसाठी मळावी तशीच ती मळली जाते. पण या गोळ्याला डोके येते, हात येतात, पाय येतात. उपाध्याय मंत्रांनी त्यात प्रेताचे आवाहन करतात आणि त्या पुतळ्याची रीतसर अंत्येष्टी होते. त्याचे सुतकही धरावे लागते. शेवटच्या दिवशी सोन्याच्या नागाची पूजा करून सांगता होते.

मुळात देहच हाती लागला नाही, तर धर्मशास्त्राने पर्णशर सांगितला आहे. पळसाच्या ३६० देठांचा मनुष्याकार, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी. कमलाकर भट्टांच्या १६१२ सालच्या ‘निर्णयसिंधू’तही त्याचा विचार आहे.

मृतासाठी अग्नीच्या हाती काही सोपवणे इतरत्रही आहे. चिनी कुटुंबे एप्रिलच्या आरंभी, छिंगमिंगच्या दिवशी, पूर्वजांच्या कबरी झाडून तिथे कागदी नोटा जाळतात. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेले घर, मोटार, हल्ली मोबाइलसुद्धा मृतांच्या नावाने अग्नीत जातो. जळले ते पलीकडे पोहोचले, ही श्रद्धा. ही कुटुंबे मृताला संसार पाठवतात. त्र्यंबकला त्याला आधी देह देतात.

हे देणे मला फार मोलाचे वाटते. ज्याचे अंत्यदर्शन झाले नाही, त्याच्या घरचे लोक वर्षानुवर्षे दाराकडे कान लावून असतात. श्राद्ध घालावे तर मन धजत नाही, न घालावे तर मन खाते. कणकेच्या त्या देहाला अग्नी देताना निदान इतके होते, की चारचौघांत रडता येते आणि आपले कर्तव्य केले असे म्हणता येते.

म्हणूनच लग्न जमत नाही, मूल होत नाही, धंदा बसला, अशा प्रत्येक अडचणीवरचा तोडगा म्हणून हा विधी खपवला जातो तेव्हा वाईट वाटते. गेलेल्या माणसाचे ऋण फेडायला आलेल्याला तिथे वेळ, शांतता आणि मान मिळावा. क्षेत्राची प्रतिष्ठा त्यातच आहे.