ट्रम्पेट कुणी वाजवलं?

नांदेडात किंवा लातुरात जॅझचा क्लब शोधायला निघालात, तर हाती काही लागणार नाही. जॅझचा महोत्सव ऐकायचा तर मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला जावं लागतं. जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर पाहायचे तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आठवतं. जुन्या तबकड्यांसाठी कुणी मुंबईचा चोरबाजार सांगतं, कुणी हैदराबादचा आबिड्‌सचा रविवारचा फुटपाथ. त्यामुळे हे सगळे मोठ्या शहरांचे शौक आहेत, आपल्याकडे ते कुठून येणार, असा एक समज पक्का झाला आहे. मला तो मान्य नाही. मराठवाड्यात जॅझ पाऊणशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचला. तंबूतल्या सिनेमातून आला, चावीच्या फोनोवरून आला, रेडिओ सिलोनवरून आला. तो वाजवणाऱ्यांची नावं तेवढी आपल्यापर्यंत आली नाहीत.

सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, १९१८ साली पुणतांब्याला जन्मले. पुणतांबं गोदाकाठी आहे आणि तीच गोदावरी पुढे पैठणवरून नांदेडला येते. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेल्या या मराठी माणसाने हिंदी सिनेसंगीतात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो आणि क्लॅरिनेट इतक्या सहजपणे आणले की ऐकणाऱ्याला ते परके वाटलेच नाहीत. १९५१चा भगवानदादांचा ‘अलबेला’ हा त्याचा कळस. त्या संगीतात चितळकरांचे सहायक होते चिक चॉकलेट. मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणं. मुंबईच्या हॉटेलांतून त्यांचा बँड गाजत होता आणि अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचं ट्रम्पेट वाजवणारा म्हणून लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात, झालरीच्या बाह्यांचे क्यूबन पद्धतीचे शर्ट घालून. सिनेमा पुन्हा पाहाल तेव्हा नजर भगवानदादा आणि गीता बालीवरून जरा बाजूला न्या. आपल्या आजी-आजोबांनी जॅझचा बँड बघितला तो असा.

गोव्याचेच इतके वादक का, याचं कारण तिथल्या चर्चच्या शाळांत आहे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या या शाळांतून मुलांना व्हायोलिन शिकवलं जाई आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला-लिहायला शिकवली जाई. गावात पोट भरेना, तेव्हा ही मुलं मुंबईच्या हॉटेलांत, संस्थानांच्या बँडमध्ये, जहाजांवर वाजवायला गेली. १९३५ साली लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडप्रमुख मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यासारख्यांकडून अस्सल जॅझ कानावर पडला आणि गोव्याच्या पोरांनी तो झपाट्याने आत्मसात केला. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गिऱ्हाईक गेलं, १९४९चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांचा धंदा बसला. वादकांनी मोर्चा वळवला तो सिनेमाच्या स्टुडिओंकडे.

तिथे त्यांची गरजही होती. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधत आणि गाऊन दाखवत. पण पन्नास-साठ वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचं हे कागदावर उतरवल्याशिवाय मेळ जमत नाही. हे लिहिण्याचं काम अरेंजर करत. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझांनी ते केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, अरेंजिंग करत आणि शिकवतही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तलं त्यांच्या नावाचं गाणं म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार आहे. गमतीचं गाणं म्हणून ते लग्नाच्या वरातीत हजारदा वाजलं, पण या नावाचा खरा माणूस होता हे नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. श्रेयनामावलीत बहुधा संगीतकार, गीतकार, गायक एवढेच असत. ट्रम्पेटवाला कोण, हे रेकॉर्डच्या लेबलवरही छापत नसत.

आणि हे संगीत लातूर-नांदेडला पोहोचलं कसं? केंद्रात बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेसंगीताला जवळपास दार बंद झालं होतं. १९५२च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत गेला. १९५७ साली विविध भारती आली तोवर ‘आरपार’, ‘सीआयडी’ची गाणी लोकांच्या तोंडी बसली होती. त्या गाण्यांतला ठेका, मधले पितळी वाद्यांचे तुकडे, सगळं त्यांच्याबरोबर आलं. जॅझ आपल्याला नवा नाही म्हणतो तो यासाठी.

तरीही जॅझ ऐकायचा कसा, हा प्रश्न उरतो. मी नवख्या माणसाला एकच गाणं आधी दाखवीन. चेतन आनंद यांचा १९६६चा ‘आखरी खत’ घ्या. राजेश खन्नाचा हा पहिला सिनेमा, संगीत खय्याम यांचं. त्यात नाइट क्लबमधलं एक गाणं भूपिंदर यांनी गायलं आहे आणि पडद्यावरही तेच आहेत. त्यांच्या सोबतीला ट्रम्पेट घेऊन उभे आहेत चिक चॉकलेट. पहिल्यांदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा शब्द सोडून द्या आणि ओळ संपल्यावर ट्रम्पेट काय उत्तर देतं तेवढंच ऐका. गायक एक वाक्य बोलतो, ट्रम्पेट तेच वाक्य थोडं वाकवून परत करतं. कधी सुराच्या जरा खालून येऊन वर चढतं, कधी मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतं. ते रेंगाळणं कानाला जाणवलं की जॅझचं निम्मं काम झालं. चिक चॉकलेट पुढच्याच वर्षी, १९६७ साली गेले. त्यांना वाजवताना पाहण्याची ही आपल्या हाती राहिलेली फार मोलाची जागा आहे.

पुढची पायरी आपल्या शास्त्रीय गाण्याच्या श्रोत्याला अवघड नाही. जॅझमध्ये आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात. ती बंदिशीच्या जागी. मग एकेक वादक त्या धुनेच्या आवर्तनावर स्वतःचं काही रचत जातो, आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ धुनेवर येतात. ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला चार-चार बारचे (बार म्हणजे मात्रांचा एक गट) तुकडे वाटून घेतात तेव्हा आपल्याला सवाल-जवाब आठवतो. फरक आहे तो स्वरसंगतीचा. आपल्याकडे तानपुरा षड्ज धरून ठेवतो आणि रागाची बढत त्या एकाच आधारावर होते. जॅझमध्ये खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ठरलेल्या क्रमाने सरकत राहतात आणि वादकाला प्रत्येक वळणावर नव्या आधाराशी जुळवून घ्यावं लागतं. त्यामुळे सुरुवातीला पियानो आणि बेसकडे लक्ष द्यावं.

अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ साली भारतात येऊन गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या चौकडीने ध्वनिमुद्रित केलेली, त्याच चौकडीतले सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंड यांची ‘टेक फाइव्ह’ ही रचना पाच मात्रांची आहे. झपताल अंगात मुरलेल्या माणसाला ती हातावर मोजायला वेळ लागणार नाही. तीन-दोन अशी विभागणी तेवढी ध्यानात ठेवायची. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही १९६८ची एलपी तर आपल्यासाठीच केल्यासारखी आहे. त्यात तोडी, मालकंस, भैरवी असे ओळखीचे राग भेटतात. सतार रईस खान यांची, सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा.

कानांची तयारी म्हणाल तर ती नांदेडात आहेच. अण्णासाहेब गुंजकरांनी इथे शिष्य घडवले आणि त्यांच्यातले पं. नाथराव नेरळकर मराठवाड्याचं गाणं दूरवर घेऊन गेले. सचखंड हजूर साहिबात रागी जथ्यांचं कीर्तन रोज चालतं. रोज समोर बसून संगीत ऐकण्याची अशी सवय किती शहरांना आहे?

आता संग्रहाबद्दल, कारण तिथे घाई आहे. जुन्या वाड्यांतल्या माळ्यांवर अजून तबकड्या आहेत. १९४८पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे आपल्याकडच्या एकाच पेटीत बालगंधर्वांच्या पदांशेजारी उर्दू कव्वाली निघाली तर नवल नाही. वाडा पाडताना ती पेटी भंगारात वजनावर जाते. जाण्याआधी ती उघडा. जड, मधोमध भोक असलेली, वाकवली तर फुटेल अशी तबकडी ७८ची. ती लाखेची असते, एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजते. तिला स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधी लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते. मऊ कापड किंचित ओलं करून खाचेच्या दिशेने गोल पुसायचं आणि लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. ७८ची खाच रुंद असते. एलपीची बारीक पिन तिच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच ऐकू येते. ७८साठी वेगळी जाड पिन मिळते ती घ्या. चावीच्या फोनोची पोलादी पिन एका बाजूपुरतीच, नंतर ती फेकायची. एलपी विनाइलच्या, त्यांना आपल्या उन्हाळ्याची भीती. पत्र्याखालच्या माळ्यावर एका मे महिन्यात त्या पापडासारख्या वाकतात. तबकड्या कधीही एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

पण नुसतं जमवणं पुरेसं नाही, यादी हवी. लेबलवरचा क्रमांक, कंपनी, गायक, दोन्ही बाजूंची गाणी, आणि वादकाचं नाव कुठून कळलं तर तेही. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० साली मुंबईत सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून अशा याद्या वर्षानुवर्षं छापल्या. अभ्यासकांना आज जे सापडतं ते बरंचसं अशा हौशी लोकांच्या वह्यांमुळे. सिनेमाचंही तेच. पुण्याचं चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं, पण तिथल्या पी. के. नायर यांनी माणसांच्या घरी जाऊन, अडगळीतून रिळं वेचली नसती तर फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ जेवढा उरला आहे तेवढाही उरला नसता. ‘आलम आरा’ आपण कायमचा गमावला.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जवळची. प्रत्यक्ष वाजणारं ट्रम्पेट ऐकायचं असेल तर तुळशीचं लग्न होऊन जाऊ द्या आणि लग्नसराईत रस्त्यावर उभे राहा. आपले बँडवाले क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, कुठे सॅक्सोफोनही वाजवतात. लष्करी बँडमधून निघून लग्नाच्या वरातीत आलेली ही परंपरा आहे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने आधी या बँडवाल्यांवर पुस्तक लिहिलं आणि मग मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांवर दुसरं. एकाच माणसाला दोन्ही विषय सुचावेत यात मला काही आश्चर्य वाटत नाही. वाद्यं तीच, मेहनत तीच आणि नाव न छापलं जाणंही तेच. वरातीत चालत, जनरेटरच्या आवाजावर मात करत वाजवणाऱ्या या माणसाचा श्वास किती लांब आहे हे आपण कधी शांतपणे ऐकलेलंच नाही.

म्हणून नांदेडच्या कुसुम सभागृहाचं किंवा लातूरच्या दयानंद सभागृहाचं आरक्षण करणाऱ्या सांस्कृतिक मंडळांना माझी विनंती आहे. लग्नाच्या तिथी नसतील असा एक रविवार धरा. आपल्या गावातल्या दोन-तीन बँडमधले चांगले क्लॅरिनेटवाले आणि ट्रम्पेटवाले बोलवा. त्यांना मंचावर खुर्च्या द्या, ठरलेलं मानधन द्या, सी. रामचंद्रांची आणि नय्यरांची गाणी शब्दांवाचून वाजवू द्या, मधल्या जागा त्यांना मोकळ्या सोडा. आधी पडद्यावर ‘आखरी खत’मधलं ते गाणं दाखवा. आणि निमंत्रणपत्रिकेवर प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव छापा.